ड्युअल बूट

ड्युअल बूट म्हणजे एकाच संगणकावर दोन स्वतंत्र कार्यप्रणाल्या स्थापित करून, संगणक सुरू करताना त्यांपैकी एकीची निवड करण्याची व्यवस्था होय. घरगुती संगणकांवर ही जोडी बहुधा मायक्रोसॉफ्ट विंडोज आणि लिनक्स यांची असते; विंडोजच्या दोन आवृत्त्याही अशा रीतीने एकत्र ठेवता येतात. या व्यवस्थेत दोन्ही कार्यप्रणाल्या एकाच वेळी चालत नाहीत. एक चालू असताना दुसरी म्हणजे डिस्कवर साठवलेली माहिती, इतकेच तिचे अस्तित्व असते. तथापि डिस्क, मदरबोर्डवरील घड्याळ आणि प्रारंभाची व्यवस्था दोघींना सामाईक असतात. एका वाड्यातील दोन बिऱ्हाडांत कुरबूर होते ती बहुधा सामाईक अंगण आणि पाण्याच्या नळावरून. ड्युअल बूटमधील बहुतेक अडचणीही अशा सामाईक गोष्टींतूनच उद्भवतात.

संगणक सुरू होईनासा झाला की आतील कागदपत्रे व छायाचित्रे नष्ट झाली, असा समज होतो. प्रत्यक्षात पुष्कळदा माहिती जागच्या जागी असते आणि तिच्याकडे नेणारा मार्ग तेवढा हरवलेला असतो. अशा वेळी घाईने केलेली पुनर्स्थापना मात्र ती माहिती खरोखरच पुसून टाकू शकते. म्हणून दुरुस्तीपूर्वी निदान करणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ साली बाजारात आला. त्यातील ‘बायोस’ ही मूलभूत आज्ञावली डिस्कचा पहिला कप्पा वाचून पुढील काम त्याच्याकडे सोपवीत असे. १९८३ मधील पीसी-डॉस २.० पासून या ५१२ बाइटांच्या कप्प्यात डिस्कच्या चार मुख्य पार्टिशनांची नोंद ठेवण्याची सोय झाली. मास्टर बूट रेकॉर्ड या नावाने ती ओळखली जाते. एका डिस्कवर एकाहून अधिक कार्यप्रणाल्या ठेवण्याचा पाया या नोंदीने घातला.

विंडोज एक्सपीपर्यंतच्या एनटी परिवारातील आवृत्त्या ‘बूट डॉट आयएनआय’ या साध्या मजकुराच्या फाइलीवरून निवडसूची दाखवीत. विंडोज व्हिस्टापासून तिची जागा ‘बूट कॉन्फिगरेशन डेटा’ या नोंदसंग्रहाने घेतली. लिनक्सच्या बाजूने आरंभी ‘लिलो’ आणि नंतर ‘ग्रब’ हे बूटलोडर प्रचारात आले. बायोसची जागा घेणाऱ्या ‘यूईएफआय’ या व्यवस्थेसाठी २००५ साली उद्योगमंचाची स्थापना झाली आणि २०१२ मधील विंडोज ८ नंतर ती घरगुती संगणकांत सर्वत्र दिसू लागली.

विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूटची क्षमता आणि किमान ४ जीबी रॅम लागते. या निकषांत अनेक सुस्थितीतील जुने संगणक बसत नाहीत. श्री-लिपीसारखे मराठी अक्षरजुळणीचे किंवा टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनवलेले असल्याने जुनी विंडोज ठेवावी आणि इंटरनेटच्या वापरासाठी शेजारी लिनक्स बसवावे, असा मार्ग अशा संगणकांच्या बाबतीत उपलब्ध असतो.

प्रारंभाची प्रक्रिया

जुन्या बायोस पद्धतीत डिस्कचा पहिला कप्पा एकच असल्यामुळे तेथे एकाच बूटलोडरला जागा मिळते. नंतर स्थापित होणारी कार्यप्रणाली आधीच्या बूटलोडरला हुसकावून लावते. यूईएफआय पद्धतीत डिस्कवर एक लहान स्वतंत्र पार्टिशन असते आणि त्यात प्रत्येक कार्यप्रणालीचा बूटलोडर आपापल्या फोल्डरमध्ये राहतो. कोणाला प्रथम बोलवायचे याचा क्रम मदरबोर्डवरील स्मृतीत नोंदलेला असतो.

संगणक कोणत्या पद्धतीने सुरू होतो हे विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या खिडकीत ‘बायोस मोड’ या ओळीसमोर दिसते. दोन्ही कार्यप्रणाल्या एकाच पद्धतीने स्थापित झालेल्या असाव्यात. एक बायोस पद्धतीने आणि दुसरी यूईएफआय पद्धतीने बसवल्यास निवडसूचीतून एकीकडून दुसरीकडे जाता येत नाही.

प्रारंभाच्या अडचणी

संगणक थेट विंडोजमध्ये जातो. विंडोजची पुनर्स्थापना किंवा मोठी सुधारणा झाल्यावर निवडसूची दिसेनाशी होते, ही सर्वांत परिचित अडचण होय. यूईएफआय संगणकावर बहुधा प्रारंभाचा क्रम बदललेला असतो. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लिनक्सची नोंद वर आणली की काम भागते. बायोस संगणकावर ग्रब पुसला गेलेला असल्यामुळे लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून तो पुन्हा बसवावा लागतो. दोन्ही प्रसंगी लिनक्सची पुनर्स्थापना करण्याची गरज नसते.

निवडसूचीत विंडोज दिसत नाही. २०२१ मधील ग्रब २.०६ या आवृत्तीपासून अन्य कार्यप्रणाल्या शोधण्याची क्रिया सुरक्षेच्या कारणास्तव मूलतः बंद ठेवण्यात आली. काही लिनक्स वितरणांत त्यामुळे विंडोज डिस्कवर असूनही सूचीत येत नाही. ग्रबच्या सेटिंगमध्ये ‘ओएस-प्रोबर’ सुरू करून सूची नव्याने तयार केल्यास ती दिसू लागते.

‘ग्रब रेस्क्यू’ असा काळा पडदा दिसतो. लिनक्स नको झाले म्हणून त्याचे पार्टिशन थेट पुसल्यास हा प्रसंग ओढवतो. बूटलोडरचा आरंभीचा भाग शिल्लक असतो. पण त्याला लागणाऱ्या फाइली पुसलेल्या पार्टिशनात गेलेल्या असतात. विंडोज यात शाबूत असते. यूईएफआय संगणकावर प्रारंभाच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ प्रथम आणावा. बायोस संगणकावर विंडोजच्या स्थापना-पेनड्राइव्हवरील दुरुस्ती विभागातून ‘बूटरेक’ या आज्ञेने मूळ बूट रेकॉर्ड परत लिहावा.

बिटलॉकर ४८ अंकी किल्ली मागतो. विंडोजमधील बिटलॉकर ही कूटबद्धीकरणाची सोय संगणकाच्या प्रारंभाची स्थिती टीपीएम चिपच्या साहाय्याने पडताळते. सिक्युअर बूट बंद केले किंवा प्रारंभाची साखळी बदलली की डिस्क परक्या हाती गेली असावी असे गृहीत धरून ती ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागते. अनेक नव्या लॅपटॉपांत कूटबद्धीकरण आपोआप सुरू झालेले असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. किल्ली सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. ती कोठेच न सापडल्यास माहिती परत मिळवण्याचा व्यवहार्य मार्ग उरत नाही. या लेखातील अडचणींपैकी सर्वांत गंभीर हानी येथेच संभवते.

सिक्युअर बूट लिनक्सला अडवते. विश्वासार्ह स्वाक्षरी नसलेला बूटलोडर सिक्युअर बूट चालू देत नाही. प्रमुख लिनक्स वितरणे ‘शिम’ नावाचा स्वाक्षरीयुक्त दुवा वापरून ही अट पूर्ण करतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा सुधारणेमुळे काही ड्युअल बूट संगणकांवर जुने शिम नाकारले गेले आणि तेथील लिनक्स सुरू होईनासे झाले होते. लिनक्स अद्ययावत ठेवणे हा त्यावरील दीर्घकालीन उपाय होय.

घड्याळातील साडेपाच तासांचा फरक

विंडोज मदरबोर्डवरील घड्याळात स्थानिक वेळ आहे असे मानते, तर लिनक्स तेथे जागतिक प्रमाणवेळ ठेवते. भारतीय प्रमाणवेळ त्याहून साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे लिनक्स वापरून सायंकाळी ६ वाजता विंडोज सुरू केल्यास घड्याळात दुपारचे १२:३० दिसतात. विंडोजने इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून घेतल्यावर लगेच लिनक्स सुरू केल्यास तेथे रात्रीचे ११:३० दिसू शकतात. उपाय एकाच बाजूने करावा: लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्यास सांगावे, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत जागतिक वेळ मानण्याची नोंद करावी. दोन्ही बदल एकदम केल्यास गोंधळ कायम राहतो.

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर कारण हेच समजावे. संगणकाचा वीजपुरवठा तोडल्यावर दिनांक काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपलेला असतो. दिनांक फार चुकल्यास संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि पाने उघडत नाहीत. अशा वेळी इंटरनेट सेवेला दोष देण्यापूर्वी घड्याळ पाहावे.

फास्ट स्टार्टअप आणि सामाईक पार्टिशन

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. तिच्यामुळे ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढील प्रारंभ जलद होतो. परंतु त्यामुळे विंडोजची पार्टिशने अर्धवट उघडी राहतात. लिनक्स ती केवळ वाचण्यापुरती उघडते किंवा उघडण्यास नकार देते. हा नकार म्हणजे बिघाड नव्हे. ते संरक्षण आहे. बळजबरीने तेथे लिहिल्यास विंडोज जागी झाल्यावर आपल्या स्मृतीतील जुन्या नोंदींवर विसंबून काम करू लागते आणि फाइलींची रचना बिघडू शकते.

म्हणून ड्युअल बूट संगणकावर कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’ या विभागातून ही सोय बंद करावी. मोठ्या सुधारणेनंतर ती पुन्हा सुरू झाली नाही ना, हे पाहावे. तात्पुरता उपाय म्हणून ‘रीस्टार्ट’ निवडावे, किंवा शिफ्ट कळ दाबून धरून ‘शट डाउन’ करावे. दोन्ही प्रकारे विंडोज पूर्ण बंद होते.

संथपणाचे निदान

दुसरी कार्यप्रणाली बसवल्यामुळे संगणक मंदावला, अशी तक्रार वारंवार होते. चालू नसलेली कार्यप्रणाली रॅम किंवा प्रोसेसर वापरत नसल्याने हे कारण थेट संभवत नाही. अप्रत्यक्ष कारणे मात्र असतात. डिस्कची वाटणी झाल्यामुळे विंडोजच्या वाट्याला अपुरी जागा उरते. कित्येक आठवड्यांनी विंडोज सुरू केल्यास साचलेल्या सुधारणा आणि अँटिव्हायरसची तपासणी एकदम सुरू होते. तासाभराने वेग पूर्ववत होत असेल तर कारण तेच असते.

ड्युअल बूट संगणकात निदानाची एक सोय आपसूक मिळते. दोन्ही कार्यप्रणाल्यांत संगणक मंद असेल, तर दोष बहुधा यंत्रभागात असतो: जुनी डिस्क, अपुरी रॅम किंवा धूळ साचून तापणारा प्रोसेसर. केवळ विंडोज मंद असेल, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरमध्ये असतो. दोन्ही कार्यप्रणाल्या वेगवेगळ्या डिस्कवर असल्यास डिस्कपुरता हा निष्कर्ष लागू पडत नाही.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांपैकी कोणता रकाना दीर्घकाळ भरलेला आहे हे पाहावे. रॅमचा रकाना भरलेला असल्यास विंडोज डिस्कचा तात्पुरत्या स्मृतीसारखा वापर करू लागते आणि सर्वच कामे मंदावतात. तेथील ‘स्टार्टअप’ विभागातून प्रारंभी आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करता येतात. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत.

डिस्कचा रकाना सतत १०० टक्के दिसणे हे फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर सामान्यपणे आढळते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. शिवाय वाचक-शीर्ष योग्य जागी न्यावे लागत असल्याने विखुरलेल्या लहान फाइली वाचताना ती सेकंदाला शंभर ठिकाणीही पोहोचू शकत नाही. हलणारे भाग नसलेल्या एसएसडीला ही मर्यादा नाही. त्यामुळे जुन्या संगणकासाठी एसएसडी हा बहुधा सर्वांत परिणामकारक बदल ठरतो.

डिस्कच्या ‘स्मार्ट’ या स्वयंचाचणीत निकामी कप्प्यांची संख्या वाढताना दिसल्यास आधी माहितीची प्रत काढावी. दुरुस्तीच्या दीर्घ तपासण्या मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर आणखी ताण टाकतात.

पूर्वदक्षता

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि काही फाइली उघडून प्रत नीट झाल्याची खात्री करावी.
२. बिटलॉकर सुरू असल्यास ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी आणि बदल करण्यापूर्वी संरक्षण तात्पुरते स्थगित करावे.
३. विंडोजचा पुनर्प्राप्ती पेनड्राइव्ह आणि लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह अडचण येण्यापूर्वीच तयार करून ते चालतात हे पाहावे.
४. शक्यतो विंडोज आधी आणि लिनक्स नंतर स्थापित करावे. विंडोजचे पार्टिशन विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ साधनानेच लहान करावे.
५. लिनक्सच्या स्थापनेत डिस्क दिसत नसल्यास ती रेड पद्धतीत जोडलेली असू शकते. विंडोजला आधी सेफ मोडची सूचना न देता ती पद्धत बदलल्यास विंडोज निळा पडदा दाखवून थांबते.
६. पार्टिशनांची यादी आकारांसह लिहून ठेवावी. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडल्यास विंडोजही जाते.
७. लिनक्स काढताना आधी प्रारंभाचा ताबा विंडोजकडे द्यावा, मगच लिनक्सचे पार्टिशन पुसावे.

पर्याय

केवळ ओळख करून घ्यायची असल्यास लाइव्ह पेनड्राइव्हवरून डिस्कला हात न लावता लिनक्स चालवता येते. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरद्वारे विंडोजच्या आत दुसरी कार्यप्रणाली चालते. त्यात रॅम दोघींत विभागली जात असल्याने ४ जीबीच्या संगणकावर ते जड जाते. दोन कार्यप्रणाल्यांसाठी दोन स्वतंत्र डिस्क ठेवणे ही ड्युअल बूटची अधिक सुरक्षित रीत मानली जाते, कारण एका डिस्कचा बिघाड दुसरीपर्यंत सहसा पोहोचत नाही. लिनक्सचा वापर शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे ध्वनिचित्रपाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत.

हे सुद्धा पहा

कार्यप्रणाली
लिनक्स
मायक्रोसॉफ्ट विंडोज
हार्ड डिस्क