येणार म्हणणारे आणि तिकीट काढणारे

हॉस्टेलमध्ये पहिल्यांदा बॅग टाकली त्याला दहा वर्षं झाली, म्हणून आमच्या विंगचं गेट-टुगेदर ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल टाकला. दोन तासांत ३८ जणांनी ‘येणार’ म्हटलं. कुणी रडके इमोजी टाकले, कुणी जुने फोटो. मग मी फार्महाउसच्या ॲडव्हान्ससाठी प्रत्येकी हजार रुपये मागितले. आठवडा झाला. ११ जणांचे आले.

त्या जुन्या फोटोंमध्ये एक गोष्ट सारखी दिसत होती. मेसच्या बाहेर, लॅबमध्ये, ट्रेकला, कुठेही काढलेला फोटो असो, निम्म्या पोरांचे गाल आत ओढलेले, ओठ पुढे काढलेले आणि नजर कॅमेऱ्यावर रोखलेली. ही पोज म्हणजे ‘ब्लू स्टील’. ‘झूलँडर’ या सिनेमातल्या डेरेक झूलँडर नावाच्या अतिशय देखण्या आणि अतिशय बावळट मॉडेलची ही खास अदा. हा सिनेमा आमच्या विंगमध्ये एका हार्ड डिस्कवरून दुसऱ्या हार्ड डिस्कवर फिरायचा. मी तो किमान सहा वेळा पाहिला असेन. त्यासाठी मी एकूण किती पैसे मोजले? शून्य.

या सिनेमाचा दुसरा भाग पंधरा वर्षांनी आला आणि सपाटून पडला. माझ्या ३८ आणि ११ च्या हिशेबाशी त्या पडण्याचा संबंध आहे, असं मला हल्ली वाटू लागलं आहे.

सुरुवातीपासून सांगतो. डेरेक झूलँडरचा जन्म सिनेमात नाही, टीव्हीवर झाला. व्हीएचवन या अमेरिकन वाहिनीच्या फॅशन पुरस्कारांसाठी १९९६ आणि १९९७ मध्ये बेन स्टिलर आणि लेखक ड्रेक सॅथर यांनी दोन छोट्या फिल्म केल्या होत्या. त्यातून पुढे मोठा सिनेमा झाला. कथा अशी: मलेशियाचा नवा पंतप्रधान कामगारांची बाजू घेतो, त्यामुळे स्वस्त मजुरीवर पोसलेल्या फॅशन धंद्यातल्या बड्या लोकांना तो नको असतो. त्याचा खून करायला ते एक मॉडेल तयार करतात, कारण मॉडेलला स्वतःचं डोकं नसतं असा त्यांचा हिशेब. विनोद येडपट होता, पण त्याच्या आत दात होते.

सिनेमा अमेरिकेत प्रदर्शित झाला २८ सप्टेंबर २००१ रोजी. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडून जेमतेम सतरा दिवस झाले होते. सिनेमा न्यूयॉर्कमध्येच घडतो, त्यामुळे दृश्यांच्या पार्श्वभूमीला दिसणारे मनोरे संगणकावर पुसावे लागले. मलेशियाने तर सिनेमावर बंदीच घातली. अशा दिवसांत हसायला थिएटरात कोण जाणार? तरीही २ कोटी ८० लाख डॉलर खर्चून केलेल्या या सिनेमाने उत्तर अमेरिकेत ४ कोटी ५२ लाख आणि जगभरात मिळून ६ कोटी ८ लाख डॉलर मिळवले. हिट म्हणावं असं काही नव्हतं, पण अगदी आपटलाही नाही.

खरी गंमत नंतर झाली. तो काळ डीव्हीडीचा होता. लोक सिनेमे विकत घेऊन घरात ठेवत, मित्र आले की पुन्हा लावत. विनोदी सिनेमाला यासारखी सोय दुसरी नाही. पहिल्यांदा बघताना सुटलेला विनोद तिसऱ्यांदा सापडतो, पाचव्यांदा तो तोंडपाठ होतो आणि दहाव्यांदा तो तुमच्या मित्रमंडळाची खासगी भाषा होतो. ‘झूलँडर’चं हेच झालं. त्यातली शाळेची छोटी प्रतिकृती बघून डेरेकला ती खरी इमारतच वाटते आणि एवढ्याशा शाळेत मुलं मावणार कशी म्हणून तो चिडतो. हा प्रसंग पुढे मीम म्हणून इतका फिरला की सिनेमा न पाहिलेल्यांनाही तो माहीत आहे.

त्यामुळे दुसऱ्या भागाची मागणी सुरूच राहिली. स्टिलरला मुलाखतींत हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला गेला. पटकथा लिहिल्या गेल्या, बाजूला पडल्या, पुन्हा लिहिल्या गेल्या. शेवटी मार्च २०१५ मध्ये पॅरिस फॅशन वीकला व्हॅलेंटिनोच्या शोमध्ये स्टिलर आणि ओवेन विल्सन त्याच भूमिकांमध्ये रॅम्पवर अवतरले आणि सिक्वेलची घोषणा झाली. जगभरच्या फोनवर तो व्हिडिओ फिरला. ऑगस्टमध्ये टीझर आला. पहिल्या आठवड्यात तो पाच कोटींहून जास्त वेळा पाहिला गेल्याच्या बातम्या होत्या. लंडनच्या प्रीमियरला स्टिलरने ८.५६ मीटर लांबीच्या सेल्फी स्टिकने फोटो काढून गिनीज विक्रमही केला.

प्रसिद्धीत काहीच कमी पडलं नव्हतं. १२ फेब्रुवारी २०१६ ला ‘झूलँडर २’ प्रदर्शित झाला. पहिल्या तीन दिवसांत उत्तर अमेरिकेत कमाई झाली १ कोटी ३८ लाख डॉलर. त्या आठवड्यात तो चौथ्या क्रमांकावर होता. पहिल्या भागाने २००१ च्या त्या सुतकी दिवसांतही पहिल्या तीन दिवसांत यापेक्षा जास्त, म्हणजे १ कोटी ५५ लाख मिळवले होते. उत्तर अमेरिकेतला शेवटचा आकडा २ कोटी ८८ लाखांवर थांबला. म्हणजे जवळपास निम्मी कमाई पहिल्या तीन दिवसांतच झाली. ज्यांना यायचं होतं ते आले, आणि त्यांनी बाहेर जाऊन दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही.

जगभरची बेरीज ५ कोटी ६७ लाख आणि सिनेमाचा खर्च ५ कोटी. वरवर पाहता पैसे सुटले असं वाटेल. पण तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्यांकडे राहतो, आणि जाहिरातीचा खर्च या ५ कोटींच्या बाहेरचा असतो. म्हणजे पॅरामाउंट स्टुडिओच्या हातात थिएटरमधून साधारण ३ कोटींच्या आत काहीतरी आलं असणार.

डॉलरमध्ये बघितलं तर घसरण खरी तेवढी दिसत नाही, कारण मधल्या पंधरा वर्षांत तिकिटं महागली. अमेरिकेत तिकिटाची सरासरी किंमत २००१ मध्ये ५.६६ डॉलर होती, २०१६ मध्ये ८.६५. भागाकार करून बघा. पहिल्या भागाची साधारण ८० लाख तिकिटं विकली गेली, दुसऱ्याची साधारण ३३ लाख. दहातली सहा माणसं गायब.

आता यातला मला सगळ्यात विचित्र वाटणारा आकडा. उत्तर अमेरिकेबाहेर पहिल्या भागाने दीड कोटीच्या थोडं वर मिळवले होते, दुसऱ्याने जवळपास २ कोटी ८० लाख. म्हणजे जिथे या सिनेमाचं फारसं वेड नव्हतं तिथे कमाई वाढली, आणि जिथे लोकांना पहिला भाग तोंडपाठ होता, तिथेच ती कोसळली.

सरळ कारण असं की सिनेमा वाईट होता. होताच. समीक्षकांनी त्याला धुतला आणि ते चुकले नव्हते. पहिल्या भागात फॅशनवाल्यांची कॉलर धरली होती, दुसऱ्यात तेच फॅशनवाले रांगेने येऊन पाहुण्या भूमिका करून गेले. ज्यांची टिंगल करायची तेच सेटवर चहा प्यायला बसले तर टिंगल कशी होणार? बेनेडिक्ट कंबरबॅचच्या पात्रावरून ट्रेलरच्या वेळीच वाद पेटला आणि बहिष्काराच्या मागणीवर हजारोंनी सह्या केल्या. शिवाय काळ बदलला होता. २००१ मध्ये स्वतःच्या चेहऱ्याच्या प्रेमात पडलेला माणूस हा एक नमुना होता. २०१६ पर्यंत प्रत्येकाच्या खिशात पुढचा कॅमेरा आला होता आणि ब्लू स्टील ही जगाची रोजची सवय झाली होती.

पण सिनेमा वाईट आहे हे बघितल्यावर कळतं. पहिल्या शुक्रवारी जे आलेच नाहीत, त्यांचं काय? बातम्या आणि परीक्षणं वाचून काही थांबले असतील, सगळे नाही. आणि उशीर झाला की सिक्वेल पडतोच असाही नियम नाही. ‘अँकरमन’चा दुसरा भाग नऊ वर्षांनी आला आणि त्याने जगभरात १७ कोटींच्या वर मिळवले, पहिल्याच्या जवळपास दुप्पट. ‘डम्ब अँड डम्बर’चा सिक्वेल तर वीस वर्षांनी, २०१४ मध्ये आला. समीक्षकांनी त्यालाही झोडपलं, तरी पहिल्या आठवड्यात तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता. मात्र या दोन्हींचे पहिले भाग थिएटरमध्येच व्यवस्थित चालले होते. लोकांनी त्यासाठी एकदा रांगेत उभं राहून खिशात हात घातला होता. ‘झूलँडर’वरचं प्रेम मुख्यतः घरात, सोफ्यावर वाढलेलं होतं.

घरात वाढलेलं प्रेम थिएटरपर्यंत येतच नाही का? येतं, पण वेळेत बोलावलं तर. ‘ऑस्टिन पॉवर्स’चा पहिला भाग १९९७ मध्ये उत्तर अमेरिकेत ५ कोटी ३९ लाखांवर थांबला, मग व्हिडिओ कॅसेटवर घराघरांत पोचला. दोन वर्षांत दुसरा भाग आला आणि त्याने पहिल्या तीन दिवसांतच पहिल्या भागाच्या सगळ्या कमाईला मागे टाकलं. तेव्हा लोकांच्या डोक्यात तो विनोद ताजा होता आणि पोट भरलेलं नव्हतं.

पंधरा वर्षांत पोट भरतं. आमचंही भरलं होतं. ब्लू स्टील आमच्यासाठी सिनेमा उरलाच नव्हता, ती आमची पोज झाली होती. तिच्यासाठी डेरेक झूलँडरची गरज नव्हती, स्टिलरची नव्हती, पॅरामाउंटची तर मुळीच नव्हती. मीम फुकट होतं, फोटो फुकट होते, हसू फुकट होतं. स्टुडिओने हे प्रेम मोजलं आणि त्याला मागणी समजला. मी नोकरीत रोज असेच डॅशबोर्ड बघतो. ॲप किती जणांनी डाउनलोड केलं, किती जणांनी पाच स्टार दिले आणि किती जणांनी पैसे भरले, हे तीन वेगळे आलेख असतात. मीटिंगमध्ये मात्र पहिला आलेखच मोठा करून दाखवतात.

त्याच १२ फेब्रुवारीला शेजारच्या पडद्यावर जे लागलं होतं, ते या गोष्टीचं दुसरं टोक आहे. ‘डेडपूल’ हा सिनेमाही बरीच वर्षं रखडला होता. २०१४ मध्ये त्याची चाचणी म्हणून केलेली एक क्लिप इंटरनेटवर फुटली, चाहत्यांनी गलका केला, स्टुडिओने हिरवा कंदील दिला आणि दोन वर्षांच्या आत सिनेमा थिएटरात होता. खर्च ५ कोटी ८० लाख, म्हणजे ‘झूलँडर २’हून थोडाच जास्त. पहिल्या तीन दिवसांत उत्तर अमेरिकेतच १३ कोटी २४ लाख. तिथेही सुरुवात क्लिक आणि व्ह्यूजपासूनच झाली होती. पण ‘डेडपूल’च्या चाहत्यांना जे हवं होतं ते त्यांना अजून मिळालेलं नव्हतं. आम्हाला मिळून गेलं होतं.

हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण त्या आठवड्यात आमची अख्खी विंग ‘डेडपूल’ला गेली होती. पहिल्या वर्षाची पोरं, महिनाअखेर नव्हती, खिशात पैसे होते. तिकिटांसाठी उसने पैसे घेणारेही होते. मल्टिप्लेक्सबाहेर आम्ही ग्रुप फोटो काढला. तो आता परवा ग्रुपवर कुणीतरी टाकला. मागे ‘डेडपूल’चं पोस्टर आहे आणि पुढे नऊ जण ब्लू स्टील करून उभे आहेत. ‘झूलँडर २’ मी नंतर दोन वर्षांनी बघितला, हार्ड डिस्कवर. पाऊण तासाने झोप लागली.

स्टिलरने २०२४ मध्ये एका पॉडकास्टवर सांगितलं की हे अपयश त्याला अगदी अनपेक्षित होतं, सगळ्यांना हा सिनेमा हवा आहे असं त्याला वाटत होतं, आणि त्या धक्क्याने तो हलला. त्यानंतर तो विनोदी सिनेमांच्या धावपळीतून बाहेर पडून दिग्दर्शनाकडे वळला. २०१८ मध्ये ‘एस्केप ॲट डॅनमोरा’ आणि २०२२ पासून ‘सेव्हरन्स’ या त्याच्या मालिका आल्या. पण मला त्या वाक्यातलं ‘सगळ्यांना’ टोचतं. त्या सगळ्यांत मीही होतो. त्याला ज्यांनी फसवलं ते खोटं बोलत नव्हते. टीझरवर बदाम टाकणाऱ्याला तो सिनेमा खरंच आवडत होता. फक्त त्याला त्यातून आणखी काही नको होतं.

आमच्या विंगमधल्या २७ जणांवर मी आठवडाभर चिडून होतो. आता तेवढा नाही. ‘येणार’ म्हणताना त्यांना खरंच हॉस्टेल आठवलं असणार. कुणाला तेवढं आठवणंच पुरलं, कुणाचं लहान मूल आजारी असेल, कुणी हजार रुपयांचा विचार करत असेल. मी फार्महाउसवाल्याला फोन करून ३८ ऐवजी ११ जणांचं सांगितलं. तो म्हणाला, मोठा हॉल नको मग, अंगणातच बसा.

काल रात्री पहिला ‘झूलँडर’ ऑनलाइन भाड्याने घेतला. पहिल्यांदाच पैसे मोजून. गेट-टुगेदरच्या रात्री अंगणात पडदा लावून बघावा असा विचार होता, पण भाड्याची मुदत ४८ तासांचीच आहे. तेव्हा पुन्हा घ्यावा लागेल.