आजीचं ‘काढून टाका’

आजीच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा गावाकडं हळद शिजवायचे दिवस होते. आमचं गाव वसमत तालुक्यात. आजी 71 वर्षांची. शहरातल्या डॉक्टरांनी वडिलांना आणि मला केबिनमध्ये दोन पर्याय सांगितले. पूर्ण स्तन काढायचा, किंवा फक्त गाठ काढून नंतर काही आठवडे रोज रेडिएशन. आजी बाहेर बाकावर बसली होती. आम्ही तिला एवढंच सांगितलं, “काढावं लागंल असं दिसतंय.”

“मग काढून टाका म्हणावं. या वयात काय करायचंय ठेवून?”

ते आम्ही तिचं उत्तर धरलं. कागदावर अंगठा झाला.

वर्षभरानं दिवाळीत घरी गेलो, तर ती पोलक्याला आतून कापसाची पुरचुंडी शिवत होती. “एक बाजू हलकी लागते. औंढ्याला गाभाऱ्यात उतरताना पदर घसरतो,” म्हणाली. पुण्याला परतल्यावर मी या ऑपरेशनचा इतिहास वाचायला घेतला.

1811 साली पॅरिसमध्ये फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचा स्तन भूल न देता काढला. तिनं तो अनुभव बहिणीला पत्रातून कळवला. 1882 पासून अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड हे सर्जन स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढू लागले. कॅन्सर एकाच जागेवरून टप्प्याटप्प्यानं पसरतो, म्हणून जितकं जास्त कापू तितकं बरं, असा त्यांचा हिशोब. तो जवळपास पाऊण शतक चालला. अनेक बायकांचे हात कायमचे सुजले. तपासणीसाठी भूल दिलेली बाई शुद्धीवर येऊन पाहते तो स्तन नाही, असंही सर्रास व्हायचं. 1974 साली रोझ कुशनर या अमेरिकन पत्रकार बाईनं हे नाकारलं. आधी तपासणी करा, मला सांगा, मग ठरवू, हा तिचा आग्रह होता.

बर्नार्ड फिशर आणि इटलीतले उंबेर्तो वेरोनेसी यांनी हजारो बायकांवर दोन्ही पद्धतींची तुलना केली. 2002 साली दोघांचेही वीस वर्षांचे निकाल आले. सुरुवातीच्या टप्प्यातली गाठ तेवढीच काढून रेडिएशन दिलं, तरी बायका तितक्याच जगतात.

तरी आपल्याकडं रेडिएशन म्हणजे अंतर. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 साली सुरू झालं, तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होतं. आजही आमच्याकडून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. म्हातारीसोबत कोण राहणार, खोलीचं भाडं कोण देणार, हा हिशोब घरातल्या बायका बोलून दाखवत नाहीत. त्या ‘काढून टाका’ म्हणतात, आणि आपण समजतो की या वयात त्यांना फरक पडत नाही.

खरं तर म्हाताऱ्या बायकांसाठी आणखी एक वाट निघाली आहे. सत्तरी ओलांडलेल्या 636 अमेरिकन बायकांच्या अभ्यासाचे निकाल 2004 साली आले. गाठ दोन सेंटीमीटरपर्यंतची, हार्मोनला प्रतिसाद देणारी. गाठ काढून फक्त टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या घेतलेल्या बायका रेडिएशन घेतलेल्यांइतक्याच जगल्या. दहा वर्षांत त्याच भागात कॅन्सर परतण्याचं प्रमाण मात्र शंभरात दोनऐवजी दहा झालं. हा धोका पत्करायचा की नाही, हे ज्या बाईचं शरीर आहे तिनंच ठरवायचं. त्यासाठी तिला आधी सांगावं लागतं. गावात जाऊन सांगणं जमतं, हे बार्शीनं दाखवलंय. 1987 साली तिथं भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शीसोबत मराठवाड्यातले भूम आणि परांडा तालुकेही तिच्यात होते. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून लोकांशी बोलायचे.

आम्हाला तर फक्त केबिनचं दार उघडून आजीला आत बोलवायचं होतं.

संक्रांतीला मी तिला दोन्ही पर्याय सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. “तवा सांगितलं असतं, तरी मी हेच म्हणले असते. हळद कुणी शिजवली असती?” मग म्हणाली, “पण सांगायचं होतं रे. केवढी होती माझी गाठ?”

मी फोनमध्ये रिपोर्ट उघडला. पावणेदोन सेंटीमीटर. तिच्या बोटावर नखानं माप दाखवलं. ती त्या बोटाकडं बघत राहिली.