प्रोस्टेट कर्करोग : गावपातळीवरची जागृती आणि रुग्णाला आधार

प्रोस्टेट कर्करोग हा पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत होणारा कर्करोग आहे. पन्नाशीनंतर त्याचा धोका वाढत जातो. लवकर सापडला तर तो बरा होऊ शकतो. उशिरा सापडला तर अनेकदा हाडांपर्यंत पोहोचलेला असतो. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचा समावेश आहे, प्रोस्टेटचा नाही. त्यामुळे जालना जिल्ह्यातील अंबडसारख्या तालुक्यात निदान वेळेत होणे हे बरेचसे दोन गोष्टींवर अवलंबून राहते : पुरुषाने त्रास बोलून दाखवणे आणि ऐकणाऱ्याने त्याला डॉक्टरांकडे पाठवणे.

आजार नेमका काय आहे?

प्रोस्टेट ही साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते. मूत्रनलिका तिच्यामधून जाते. वय वाढते तशी ही ग्रंथी अनेक पुरुषांमध्ये मोठी होते. लघवीची धार बारीक होणे, जोर करावा लागणे, रात्री अनेकदा उठावे लागणे हे त्रास बहुतेक वेळा या साध्या वाढीमुळे होतात. मात्र कर्करोगातही तेच त्रास दिसू शकतात, आणि सुरुवातीला तर कर्करोगाचे काहीच लक्षण नसते. म्हणून नुसत्या लक्षणांवरून फरक कळत नाही, तपासणी करावी लागते.

डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात आणि रक्तातील पीएसएचे प्रमाण पाहतात. पीएसए वाढलेला असणे म्हणजे कर्करोग नव्हे. साधी वाढ किंवा जंतुसंसर्ग यामुळेही तो वाढतो. शंका राहिल्यास एमआरआय आणि बायोप्सी करतात. बायोप्सीनेच निदान पक्के होते. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो ही समजूत चुकीची आहे.

उशीर का होतो?

पहिले कारण म्हणजे ‘वय झाले, आता असे होणारच’ हा समज. दुसरे म्हणजे संकोच. लघवीचा आणि लैंगिक त्रास मुलाला, सुनेला किंवा ओळखीच्या डॉक्टरलाही सांगणे अनेक पुरुषांना जड जाते. तिसरे कारण म्हणजे कंबरदुखी. शेतात काम करणाऱ्या माणसाची कंबर दुखते यात कुणाला नवल वाटत नाही. पण वयस्कर पुरुषाची कंबर किंवा माकडहाड आठवडेच्या आठवडे दुखत असेल, रात्री दुखणे वाढत असेल, तर हाडात पसरलेला प्रोस्टेट कर्करोग हे त्याचे एक कारण असू शकते. पायांतली ताकद अचानक कमी झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचावे; उशीर झाल्यास पाय कायमचे लुळे पडू शकतात.

बार्शीने काय दाखवून दिले?

बोलल्याने फरक पडतो, याचे उदाहरण जवळच आहे. १९८७ मध्ये बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्यात घेतली होती. खेड्यांत रुग्णांची नोंद रुग्णालयाच्या कागदांवरून मिळत नव्हती. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी पाठवले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या तुलनेत लवकरच्या अवस्थेत सापडू लागल्याचे अभ्यासात दिसले.

हा अनुभव स्त्रियांच्या कर्करोगाचा आहे आणि प्रोस्टेटला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पीएसए तपासणी सरसकट सर्वांची करावी का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, कारण तिच्यातून कधीच त्रास न देणारे कर्करोगही सापडतात आणि नको असलेले उपचार होतात. पण ज्या विषयावर लोक बोलत नाहीत तो ओळखीच्या माणसाने गावात मांडला तर रुग्ण पुढे येतात, हा धडा इथेही उपयोगी आहे.

गावात काय सांगावे?

पारावर, ज्येष्ठ नागरिक संघात, भजनी मंडळात किंवा नवरात्रात मत्स्योदरी देवीच्या यात्रेतही या गोष्टी सांगता येतील :

- लघवीचा नवा त्रास, लघवीत किंवा वीर्यात रक्त, न थांबणारी कंबरदुखी असेल तर डॉक्टरांना दाखवा.
- वडील किंवा भावाला हा आजार झाला असेल तर धोका वाढतो. पीएसए करावी का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.
- हा आजार संसर्गजन्य नाही.

निदानानंतर कोणता आधार लागतो?

काही रुग्णांना तातडीच्या उपचारांची गरज नसते, नियमित तपासण्या पुरतात. इतरांना शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा पुरुषी संप्रेरक कमी करणारे उपचार देतात. शस्त्रक्रियेनंतर काही काळ लघवी गळू शकते, लैंगिक क्षमता कमी होऊ शकते. संप्रेरक उपचारांमुळे अंगातून वाफा येणे, थकवा, हाडे ठिसूळ होणे, मन उदास होणे असे त्रास होतात. हे त्रास उपचारांमुळे होतात हे पत्नीला आणि मुलांना आधीच माहीत असले, तर घरातले गैरसमज टळतात. यातून गेलेल्या दुसऱ्या पुरुषाशी बोलणे सर्वांत उपयोगी ठरते. अमेरिकेत १९९० मध्ये रुग्णांनीच ‘अस टू’ हा गट याच हेतूने सुरू केला. गावात दोन-तीन रुग्ण महिन्यातून एकदा भेटले तरी तेच काम होते.

खर्च आणि प्रवास

अंबडहून जालना सुमारे २५ किलोमीटर आणि तिथून छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर आहे. संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र कागदपत्रांची माहिती देतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवावे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला व सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. मुंबईला टाटा रुग्णालयात जावे लागले, तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांच्या राहण्याची सोय करतात.

रुग्णाबरोबर जाणारा एक माणूस, फाइल सांभाळणारा एक माणूस आणि पुढच्या तारखेची आठवण करून देणारा एक माणूस गावातून मिळाला, तर अर्धवट सुटणारे बरेच उपचार पूर्ण होऊ शकतात.