फिल्मवर न उमटलेलं मांस

होटगी जंक्शनवरून गदगला मीटर गेजची गाडी सुटायची, तेव्हापासून मी सोलापूरच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायला जात होतो. सगळी नोकरी हाडं बघण्यात गेली. मांस फिल्मवर उमटायचं, पण नुसतं धुरकट, सगळीकडे सारखंच. त्यात जोर आहे की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

विडीकाम करणाऱ्या बायका यायच्या. दिवसभर घरात बसून मांडीवर सूप, त्यात पानं, तंबाखू, दोरा. तक्रार ठरलेली : "दादा, खाली बसलं की उठताच येईना बगा." टेबलाजवळच्या पायरीवर पाय टाकताना त्या दोन्ही हात गुडघ्यांवर रोवायच्या, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगाला टेकत टेकत वर यायच्या. खरं निदान तिथंच डोळ्यांसमोर होतं. पण आम्ही बघायचो फिल्मकडे.

फिल्मवर शोधायची ती लूझर यांची रेघ. एमिल लूझर या स्विस डॉक्टरांनी १९२० मध्ये तिचं वर्णन केलं. ड जीवनसत्त्वाअभावी हाड मऊ पडलं की ओटीपोटाच्या किंवा मांडीच्या हाडात अर्धवट चिरेसारखी आडवी रेघ दिसते. सोलापूरच्या मे महिन्यात ती सापडणं कठीण. डेव्हलपर वीस अंशांवर ठेवायचा असतो, आणि इथं नळाचंच पाणी कढत. टाकीभोवती बर्फ रचायचा, लाल दिव्यात घाम पुसत हँगर हलवायचा. डेव्हलपर तापला की फिल्म काळवंडायची, आणि बारीक रेघ असली तरी त्यात बुडून जायची. रेघ नाही म्हणजे हाडं चांगली, अंगदुखीची गोळी घ्या, वय झालं. बाई पस्तिशीची का असेना.

उन्हाच्या मुलखात ड जीवनसत्त्व कमी कसं, असं अजूनही लोक विचारतात. याचं उत्तर नाशिकमध्ये शंभर वर्षांपूर्वीच मिळालं होतं. हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी १९२२ मध्ये लिहिलं, की मुडदूस आढळतो तो खाऊनपिऊन सुखी पण पडद्यात राहणाऱ्या घरांत. निकृष्ट अन्नावर उन्हातान्हात राबणाऱ्यांची पोरं त्यातून सुटलेली. बर्लिनला हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली ठेवलं आणि हाडं भरून येताना एक्स-रेवर दाखवली. पुरावा हाडांचाच होता, म्हणून रोगही हाडांचाच ठरला. माझ्या मते मांसाकडे दुर्लक्ष झालं ते इथूनच.

हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनवर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाची तपासणी झाली आणि मांस नि चरबी वेगवेगळी मोजता येऊ लागली. पाण्याला शून्य धरलं तर चरबी उणे शंभराच्या आसपास, मांस अधिक पन्नासाच्या. तरी ड जीवनसत्त्वासाठी मांडीत डोकावायला बराच काळ गेला. कॅलिफोर्नियात १६ ते २२ वयाच्या ९० तरुणींच्या मांड्यांचं सीटी करून २०१० मध्ये दाखवलं गेलं, की रक्तात ड कमी तर स्नायूत चरबी जास्त. त्याच वर्षी इटलीतल्या डॉक्टरांनी वयस्कर रुग्णांत एमआरआयवर तसंच पाहिलं. न्यूकॅसलला २०१३ मध्ये त्याहून पुढचं काम झालं : एमआरच्याच तंत्रानं व्यायामानंतर पिंडरीच्या स्नायूची खर्ची पडलेली ऊर्जा निम्मी भरून यायला किती वेळ लागतो ते मोजलं. ड जीवनसत्त्वाच्या औषधाआधी सुमारे ३४ सेकंद, औषधानंतर २८.

रुग्ण बाराच होते आणि तुलनेला औषधाविना दुसरा गट नव्हता, तेव्हा फार नाचू नये. स्नायूत चरबी वयानं भरते, नुसतं बसून राहिल्यानंही भरते; विडीवाल्या बाईच्या बाबतीत कोणाचा वाटा किती, हे स्कॅन सांगणार नाही. सोलापुरात आता एमआरआय आहे, पण असल्या तक्रारीला तो काढायची गरजही नसते. रक्त तपासलं की ड कळतं. आणि पेशंटला आधी जमिनीवर बसवून उठायला सांगावं, त्याला तर पैसाही पडत नाही.