स्वतःचे गुण स्वतःच

गेल्या महिन्यात माझी भाची चार फुगलेल्या फायली घेऊन आली आणि आमच्या जेवणाच्या टेबलाचा ताबाच घेतला तिने. ती इथे नाशिकलाच कायदा शिकवते. प्रमोशनचा प्रस्ताव द्यायचा होता. म्हणजे मागच्या सगळ्या वर्षांचे स्वयंमूल्यमापनाचे फॉर्म लावायचे आणि फॉर्ममधल्या प्रत्येक ओळीला पुरावा जोडायचा. "मावशी, तुझं अक्षर चांगलं आहे, लेबलं तू लिही," म्हणून मलाही कामाला लावलं. लेबलं लिहिता लिहिता मी फॉर्म वाचत बसले. (वाचू नये असं तिने सांगितलं नव्हतं!)

मंडळी, तुमच्यापैकी जे कॉलेजात आहेत त्यांना हे सगळं तोंडपाठ असेल. बाकीच्यांसाठी थोडं सांगते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांच्या कामाचं मूल्यमापन व्हावं, ते उघड असावं, त्यात शिक्षकाचा स्वतःचा सहभाग असावा आणि ते माहितीच्या आधारावर व्हावं, असं म्हटलं होतं. कल्पना चांगली होती. पुढे २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याला आकड्यांचं रूप दिलं, तेच ते एपीआय. तीन भाग. पहिला शिकवण्याचा, १२५ पैकी वर्षाला निदान ७५ गुण हवेत. दुसरा विद्यार्थ्यांचे उपक्रम, समित्या, समाजकार्य वगैरेंचा, ५० पैकी निदान १५. तिसरा संशोधनाचा. रेफरीड नियतकालिकात लेख आला तर १५ गुण, राष्ट्रीय पातळीच्या प्रकाशकाने पुस्तक काढलं तर २५. आणि हे गुण आधी प्राध्यापकाने स्वतःच स्वतःला द्यायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेपरवर लाल शाई चालवणाऱ्यांना आपलाच पेपर तपासायला दिल्यासारखं.

भाचीच्या २०१२-१३ च्या फॉर्मवर तिने पेन्सिलने बेरजा केलेल्या दिसल्या. दोनदा खोडून पुन्हा केलेल्या. मला गंमत वाटली आणि थोडं वाईटही वाटलं.

आता आमच्या काळाचं सांगते. आम्हा शाळेतल्या शिक्षकांना होता तो गोपनीय अहवाल. स्वयंमूल्यमापनाचा एक कागद आम्हीही वर्षाअखेर भरत होतो, पण खरा वजनदार तो मुख्याध्यापकांचा अहवाल, आणि तो कपाटात. शेरा वाईट असेल तरच लेखी कळवायचा. मला तसं पाकीट एकदा आलं, १९८४ साली. शाळेचं नाव घेत नाही. शेरा होता की मी वर्गात विषयांतर करते आणि अभ्यासक्रमाबाहेरच्या गोष्टींत वेळ घालवते. घडलं होतं एवढंच, की नववीच्या वर्गात इतिहास शिकवताना येवल्याच्या परिषदेचा विषय निघाला. मुलांनी विचारलं की बाई, हे आपलंच येवलं का, पैठण्यांचं? मी तो तास त्यावरच घालवला, आणि पुढच्या एका रविवारी सात-आठ मुलांना एसटीने येवल्याला घेऊन गेले. त्या वर्षीच्या माझ्या स्वयंमूल्यमापनाच्या कागदावर 'विशेष उपक्रम' या रकान्यात मी काय लिहिलं असेल? 'नाही.' पाकीट आधीच हातात पडलं होतं ना! त्यानंतर मी तो रकाना कधी भरलाच नाही. शेऱ्याला उत्तरही दिलं नाही. द्यायला हवं होतं, हे आज पंचाहत्तरीत कळतं.

भाचीला हे सांगितलं तर तिने लगेच कायदा काढला. देव दत्त विरुद्ध भारत सरकार, २००८, सर्वोच्च न्यायालय. वर्गात शिकवते ती हा निकाल. सीमा रस्ते विभागातल्या एका एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरची गोष्ट आहे. बढतीसाठी पाच वर्षं 'अतिशय चांगला' शेरा हवा होता, आणि १९९३-९४ साली त्यांना मिळाला नुसता 'चांगला'. 'चांगला' हा काही वाईट शेरा नव्हे, म्हणून कळवलाच नाही, आणि बढती हुकली. न्यायालयाने म्हटलं की शेरा कुठलाही असो, तो त्या माणसाला कळवलाच पाहिजे. मी निवृत्त झाले तेच हे वर्ष! म्हणजे माझ्या अख्ख्या नोकरीत मला आलेल्या बऱ्या शेऱ्यांपैकी एकही मी पाहिलेला नाही. आले असले तर.

तेव्हा कोणी म्हणेल की जुनंच बरं होतं, साहेब दोन ओळी लिहायचे आणि विषय संपायचा, तर मी मुळीच मान्य करणार नाही. कुलूपबंद दोन ओळींपेक्षा पेन्सिलच्या बेरजा परवडल्या. निदान त्या आपल्या हाताने केलेल्या असतात, आणि चुकल्या तर भांडता येतं.

पण फॉर्म समोर पडलेले आणि मी पडले इतिहासाची शिक्षिका. डोक्यात एक खेळ आला. म्हटलं, आपण जुन्या कायद्याच्या प्राध्यापकांचे फॉर्म भरून बघू.

पहिले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. आधी काही वर्षं शाळेत शिक्षक (आमच्यातले!), मग वकील, आणि १९१७ ते १९२३ मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात प्राध्यापक. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाची आवृत्ती काढताना प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा थोडा इतिहास द्यावा असं त्यांच्या मनात आलं. ती प्रस्तावना वाढत वाढत 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' झाली. पाच खंड, साडेसहा हजारांवर पानं. पहिला खंड १९३० साली आला, दुसरा १९४१ साली. आता समजा ते तेव्हाही नोकरीत असते आणि हा तक्ता तेव्हा असता, तर या ग्रंथापोटी मधली दहा वर्षं त्यांनी काय लिहायचं? 'काम चालू आहे'? त्याला रकाना नाही. शेवटचा खंड पुरा व्हायला १९६२ उजाडलं. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेला राष्ट्रीय पातळीचा प्रकाशक धरलं तर पाच खंडांचे पाच गुणिले पंचवीस, १२५ गुण. भाचीने मोबाईलवर हिशोब केला आणि म्हणाली, "मावशी, पंधरा गुणांचे नऊ लेख छापले की काण्यांच्या पुढे!" १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं, पण ते या तक्त्याच्या बाहेर.

दुसरे बाबासाहेब. जून १९३५ मध्ये ते त्याच गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९३८ पर्यंत होते. आपल्या नाशिककरांच्या हे लक्षातच येत नाही, की १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत, हिंदू म्हणून जन्माला आलो पण हिंदू म्हणून मरणार नाही, हे त्यांनी जाहीर केलं तेव्हा बोलणारा माणूस एका सरकारी कॉलेजचा प्राचार्य होता, नोकरीला जेमतेम साडेचार महिने झालेले. ते कुठल्या रकान्यात घालायचं? समाजकार्य? पुढच्या वर्षी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण वाचून घाबरले आणि अधिवेशनच रद्द केलं. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच छापलं, १५०० प्रती. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. आता परिषदेत वाचलेल्या निबंधाला गुण असतात. न वाचलेल्या भाषणाला? शून्य. आणि स्वतः छापलेल्या पुस्तकाला राष्ट्रीय प्रकाशक कुठून आणायचा? १९३६ सालीच त्यांनी मुंबई इलाख्यातलं कायद्याचं शिक्षण कसं सुधारावं यावरही लेख लिहिला, तो कॉलेजच्याच मासिकात. भाची म्हणाली, हाऊस मॅगझिन चालत नाही.

हसलो आम्ही खूप. पण मग ती गप्प झाली.

एपीआयचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. गुणांसाठी लेख हवेत म्हटल्यावर पैसे घेऊन लेख छापणारी नियतकालिकं निघाली. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. एवढी यादीत शिरली कशी, हा प्रश्न मला शिक्षिका म्हणून पडतोच. त्याच वर्षी नवे नियम आले. कॉलेजच्या शिक्षकांसाठी तक्ता सुटसुटीत झाला: नेमलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले की 'चांगला', ७० ते ८० 'समाधानकारक'. बाकीच्या उपक्रमांत निदान तीन केले की 'चांगला', एक-दोन केले की 'समाधानकारक'.

भाचीचे तीन भरले होते. परीक्षा समिती, वार्षिक स्नेहसंमेलन आणि एक अभ्यासमंडळ. मी विचारलं, "आणि पेठचं?" एक अख्खं वर्ष ही मुलगी दर रविवारी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर जात होती. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली लोकांचे दावे भरून द्यायला, सोबत तिचे चार-पाच विद्यार्थी. कुणाचा नकाशा नाही, कुणाकडे जुनी दंडाची पावती तेवढी शिल्लक. पावसात एकदा घाटात गाडी बंद पडून रात्री अकराला घरी आली होती आणि तिच्या आईचा मला फोन आला होता, म्हणून मला हे इतकं लख्ख आठवतं.

"त्याचं सर्टिफिकेट नाही गं," ती म्हणाली. "कोण देणार? आणि कॉलेजतर्फे नव्हतंच ते, आम्ही आपले गेलो होतो."

मी म्हटलं, ग्रामसभेचं पत्र आण. ती म्हणाली, आता कुठे जाऊ पत्र मागायला, लोक काय म्हणतील, बाई गुणांसाठी आल्या होत्या का? शिवाय तीन झालेत ना. चौथा लिहूनही 'चांगला'च.

मग मी म्हटलं, तरी लिही. पुराव्याच्या जागी रेघ मार, पण लिही. बराच वेळ हो-नाही झालं. माझ्या पाकिटाची गोष्ट मी तिला पुन्हा एकदा ऐकवली, आणि ती म्हातारी माणसं ऐकवतात तशीच ऐकवली बहुतेक, कारण ती शेवटी कंटाळून म्हणाली, "बरं बाई, लिहिते."

लिहिलं तिने. चौथ्या ओळीत, अगदी बारीक अक्षरात. त्या ओळीला फाईल नाही, त्यामुळे मला लेबल लिहावं लागलं नाही.