फोकस-विचलन (डीएसएलआर कॅमेऱ्यातील)

स्वयंचलित फोकस साधल्यावरही स्पष्टतेचे प्रतल निवडलेल्या बिंदूच्या सातत्याने पुढे (फ्रंट फोकस) किंवा मागे (बॅक फोकस) पडण्याचा दोष.

दोषाचे मूळ कॅमेऱ्याच्या रचनेत आहे. मिनोल्टा ७००० (१९८५) नंतर रूढ झालेल्या पद्धतीत मुख्य आरशामागचा छोटा आरसा प्रकाश खाली वळवतो व तळाचा संवेदक फोकस ठरवतो. प्रतिमा मात्र दुसऱ्याच संवेदकावर उमटते (पहा : प्रतिमा संवेदक). दोन्ही मार्गांची लांबी जुळली नाही, की एफ/१.४ सारख्या मोठ्या छिद्रावर डोळ्याऐवजी कानाजवळचे केस स्पष्ट येतात. म्हणून भिंग बदलण्याआधी कॅमेरा तिपाईवर ठेवून एकच दृश्य व्ह्यूफाइंडरमधून आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये टिपावे. लाइव्ह व्ह्यूत फोकस प्रतिमा संवेदकावरच ठरतो. ते चित्र सुस्पष्ट असल्यास भिंगाच्या काचांना दोष देता येत नाही. हात हलल्यानेही धूसरता येते, हा आक्षेप रास्त आहे. पण तशा चित्रात कोणतेच प्रतल स्पष्ट नसते, येथे ते असते, केवळ चुकीच्या जागी.

कॅनन ईओएस-१डी मार्क ३ व निकॉन डी३०० (दोन्ही २००७) यांत मेनूतून ±२० टप्प्यांची दुरुस्ती करता येते. झूम भिंगाला मात्र एकच मूल्य सर्व नाभीय अंतरांवर पुरतेच असे नाही (पहा : भिंग). निकॉन डी३५०० सारख्या प्राथमिक श्रेणीच्या कॅमेऱ्यांत ही सोय नाही. मोठ्या छिद्राची भिंगे वापरणाऱ्याने कॅमेरा निवडताना ती आधी पाहावी.