ग्राफिक्स कार्डाची खाच : संगणकीकरणाच्या इतिहासाचे एक भौतिक साधन

सेवाग्राम व पवनार यांच्यामुळे वर्धा जिल्हा देशाला परिचित झाला. परंतु संगणकाच्या इतिहासातही या जिल्ह्याला स्थान आहे. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातून वर्ध्याची निवड झाली होती. सातबारा मराठीत, संगणकाचा पडदा मात्र रोमन लिपीच जाणणारा. ही अडचण त्या काळी ज्या साधनांनी दूर केली, त्यांत जिस्ट कार्ड अग्रगण्य होय. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांनी आरंभलेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विस्तारले. हे कार्ड आयएसए स्लॉटमध्ये बसविले की डॉसवरील प्रणालींत देवनागरी अक्षरे उमटत. कार्ड काढले की तोच मजकूर निरर्थक चिन्हांचा होई.

यास्तव जुन्या संगणकातील कार्ड कोणत्या स्लॉटचे, हे ओळखणे इतिहासाच्या अभ्यासकाला नाण्यावरील टांकसाळीची खूण वाचण्याइतकेच उपयुक्त आहे. मदरबोर्डावर आयएसए स्लॉट बहुधा काळा, पीसीआय पांढरा व एजीपी तपकिरी असे. पण रंग हा प्रघात होता, नियम नव्हे. खरा पुरावा कार्डाच्या कडेवरील सोनेरी पट्ट्यांचा. आयएसएच्या पट्ट्या रुंद व विरळ असतात : आठ बिटी कार्डास दोन्ही बाजू मिळून ६२, १९८४ च्या सोळा बिटी कार्डास खाचेपलीकडे आणखी ३६. पीसीआयच्या (१९९२) पट्ट्या बारीक व दाट. १९९७ पासून संगणकांत आलेल्या एजीपीच्या पट्ट्या दोन ओळींत एकमेकींत गुंफलेल्या असतात. त्यातही ३.३ व्होल्टच्या कार्डाची खाच मागील धातूच्या पट्टीकडे, तर १.५ व्होल्टच्या कार्डाची तिच्यापासून दूर. दोन्ही खाचा असल्यास कार्ड दोन्हींत चालते. २००४ पासून बाजारात आलेल्या पीसीआय एक्स्प्रेसच्या सोळापदरी कार्डात धातूच्या पट्टीजवळ आखूड भाग, मग खाच व त्यानंतर लांब भाग, असा क्रम आढळतो.

मात्र या पुराव्याची मर्यादा ध्यानी घेतली पाहिजे. स्लॉटवरून कार्ड अमुक वर्षापूर्वीचे नाही, एवढेच सिद्ध होते. नंतरचे नाही, असे नव्हे. एजीपी आल्यावरही पीसीआय ग्राफिक्स कार्डे विकली जातच होती.

२००० च्या सुमारास नव्या मदरबोर्डांवरून आयएसए स्लॉट नाहीसा होऊ लागला आणि जिस्ट कार्डाची जागाच गेली. सुदैवाने त्यामागील ‘इस्की’ हे संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक ठरले होते, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. त्यामुळे त्या काळातील इस्कीतील मजकूर आजही रूपांतरित करता येतो. अट एवढीच, की डिस्क हाती असावी. महाविद्यालयीन जडसंग्रह नोंदवहीत ‘डिस्प्ले कार्ड, नग १’ अशा नोंदीवरून हे काहीच कळत नाही. निर्लेखनापूर्वी त्या नोंदीपुढे स्लॉटचा प्रकार लिहावा, आणि कार्ड आयएसएचे निघाल्यास त्या संगणकाची डिस्क भंगारात देण्याआधी तपासून घ्यावी.